केसांची पिन

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी आमच्या बायकांच्या व्यसनमुक्ती केंद्रात एक नवी दाखल झाली. पिशवी तपासायचं काम माझ्याकडे होतं. हे काम मला अजूनही जड जातं. सहा वर्षांपूर्वी माझी पिशवी अशीच कुणीतरी टेबलावर उपडी केली होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले होते. म्हणून मी पिशवीला हात लावत नाही. एकेक वस्तू तिलाच काढायला सांगते आणि जी ठेवून घ्यायची ती का ठेवून घेतेय, तेही सांगते. अत्तर, माउथवॉश, हँड सॅनिटायझर, खोकल्याचं औषध. यात अल्कोहोल असू शकतं आणि तलफ आली की माणूस काहीही पितं. मी प्यायलेय.

कपड्यांच्या घडीत झोपेच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स निघाल्या. सकाळी डॉक्टरांना तिने फक्त दारूचं सांगितलं होतं. तिने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. चिठ्ठीवर लिहून मिळालेली गोळी म्हणजे व्यसन, हे बायकांच्या मनातच येत नाही. पण माहिती असणं फार गरजेचं होतं. दारू आणि या गोळ्या, दोन्ही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. मी लगेच डॉक्टरांना कळवलं, त्यांनी औषधांचं सगळं वेळापत्रक नव्याने लिहिलं. गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या आहेत.

पिशवीच्या तळाशी लहान मुलीची केसांची पिन होती. "हीपण घेणार?" तिने विचारलं. आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

नाही म्हटलं. पिन मुठीत धरून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ताई, घरी सांगितलंय की मी ट्रेनिंगला गेलेय. मुलीला कळेल का हो?"

इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचा हाच प्रश्न असतो. मी बरी होईन का, हे नंतर येतं.

संध्याकाळच्या ग्रुपमध्ये एकीने विचारलं, नवरा माझ्याएवढीच प्यायचा, उलट जास्तच, मग लिव्हर माझंच का गेलं? काउन्सेलरने छान समजावलं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त दाट राहते. म्हणून बाई उशिरा सुरू करूनही लवकर व्यसनात आणि लवकर आजारात पोहोचते. हे ऐकताना तिचा चेहरा सैल पडत गेला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपणच कमकुवत. शिक्षा वगैरे नाही, शरीराचा हिशेब आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुरुषांच्या पिण्याबद्दल जग पूर्वीपासून बोलतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, 1935 साली सुरू झालं आणि 1939 साली त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या शीर्षकातच शंभराहून अधिक पुरुष कसे बरे झाले असं लिहिलेलं होतं. बायकांसाठी त्यात एक प्रकरण होतं, पण ते पिणाऱ्याच्या बायकोसाठी. मार्टी मान नावाची एक पिणारी बाई त्याच सुमारास त्या गटात आली आणि टिकली. पुढे 1975 साली जीन किर्कपॅट्रिक यांनी फक्त बायकांसाठी वेगळा गट काढला. स्वतःच्या दारूशी झुंजताना त्यांच्या लक्षात आलं होतं की बाईला आणखी नमवायची गरज नाही, ती आधीच जमिनीशी टेकलेली असते. मीही पहिल्यांदा मिश्र ग्रुपमध्ये बसले होते तेव्हा माझी हकीकत अर्धीच सांगू शकले. उरलेली अर्धी, म्हणजे कोणाच्या धाकाने प्यायला लागले ती, इथे आल्यावर सांगितली. दार बंद, खोलीत सगळ्या बायका, आणि कुणीही "मग तू तेव्हाच का नाही बोललीस" असं विचारलं नाही. निवासी केंद्राची माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. बाकी दिनक्रम, व्यायाम, वर्ग, सगळं त्यानंतर.

पण मुलांचा प्रश्न सुटत नाही. काही ठिकाणी लहान मुलांना आईजवळ राहू देतात. आमच्याकडे ती सोय नाही, आणि आज ती पिन बघून मला त्याचा फार त्रास झाला. मूल कुणाकडे ठेवायचं, या एका कारणाने किती जणी येतच नाहीत. किती जणी पंधराव्या दिवशी निघून जातात. उपचार 90 दिवसांपेक्षा कमी झाला तर फारसा टिकत नाही हे आम्ही प्रत्येकीला सांगतो, पण आईला 90 दिवस मूल न दिसणं काय असतं तेही मला माहीत आहे.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यालाही कामासाठी बाहेरगावी गेलीय असंच सांगितलेलं. मी परतल्यावर चार-पाच महिन्यांनी, झोपायच्या वेळी, अंधारात त्याने विचारलं, "मी तुझी बाटली बेसिनमध्ये ओतली होती, म्हणून गेली होतीस का?"

तो इतके महिने हे मनात घेऊन शाळेत जात होता. आम्ही सांगितलेलं खोटं त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. खरं काय ते न कळल्यामुळे त्याने स्वतःच एक कारण शोधून काढलं, आणि त्या कारणात दोषी तोच होता.

म्हणून आज रात्री मी तिच्याजवळ बसले. हात थरथरत होते तिचे, घाम येत होता. शेवटचा घोट सकाळी सहाला, म्हणजे हे अपेक्षितच. पहिले दोन दिवस फिटची भीती, आणि दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत भास आणि भ्रम सुरू होतात का ते बघावं लागतं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरी कोंडून दारू सोडवणाऱ्यांना हे ओरडून सांगावंसं वाटतं. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलंय, नर्स दर दोन तासांनी नाडी आणि बीपी घेतेय.

तिला म्हटलं, फोन आठवड्यानंतर मिळेल, पण चिठ्ठी आज लिहिता येईल. मुलगी सात वर्षांची आहे, वाचता येतं. काय लिहू, म्हणाली. मी माझ्या मुलाला जे फार उशिरा सांगितलं तेच सांगितलं: आई आजारी आहे आणि बरी व्हायला गेली आहे. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तुला ते थांबवता आलं नसतं. आईला बरं करायचं काम तुझं नाही, डॉक्टरांचं आणि आईचं आहे.

तिच्या हाताने पेन धरवेना. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "आजारी" शब्दापाशी ती थांबली. कसला आजार असं विचारलं तर? मी म्हटलं, विचारू दे, तिला आजीने सांगावं, आपण आजीशी आधी बोलू. मग तिने मान हलवली. खाली सही मात्र तिने स्वतः केली, वाकडी, "आई" एवढीच.

चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे. सकाळी आजीला फोन करायचा आहे. ती म्हणेल, ट्रेनिंगच राहू द्या. मी काय बोलायचं ते अजून जुळवतेय. पुढची नाडी एक वाजता. तोपर्यंत जागीच राहते.