दोन शिबिरांच्या मधले सहा महिने

आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न ज्याचा त्यानं एकट्यानं सोडवावा, असं आपल्याकडे मानतात. डायरी घ्यावी, गडावर जाऊन बसावं, मन शांत झालं की उत्तर आतून येईल. माझं मत वेगळं आहे, आणि ते गडचिरोलीत तयार झालं. या प्रश्नाला माणसं लागतात. शक्यतो अनोळखी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा समोर बसणारी.

मी 'निर्माण'च्या शिबिरांबद्दल बोलतेय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यावर काम करणारी संस्था काढली. २००६ पासून तिथेच, आयुष्याचं काय करायचं हे शोधणाऱ्या तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू झाला. अर्ज भरताना प्रश्नांची उत्तरं लिहायची, मुलाखत द्यायची, निवड झाली तर सर्चच्या आवारात, शोधग्रामला जायचं. माझ्या वेळी एका गटाची तीन शिबिरं व्हायची, प्रत्येक साधारण आठवडाभराचं, आणि दोन शिबिरांमध्ये सहा महिन्यांचं अंतर. हे अंतर वेळापत्रकाची सोय म्हणून ठेवलं असेल असं पहिल्यांदा वाटतं. माझ्या मते सगळी ताकद त्यातच आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी कराडची. तेव्हा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते. कराडला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी नागपूर येतं. तिथून एसटी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून आरमोरी करत गडचिरोलीला पोचते. पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांनी स्टेशनवर एवढंच विचारलं, "तिकडंच राहणार नाहीस ना?" आईनं चटणी-भाकरीचा डबा इतका भरून दिला होता की अर्धा डबा नागपूरपर्यंत शेजारच्या सीटवाल्यांनी खाल्ला.

शोधग्राम धानोरा रस्त्यावर आहे, झाडीत. आदिवासींना परकं वाटू नये म्हणून त्यांच्या गावासारखी त्याची रचना केलेली आहे. दवाखान्यालाही त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव आहे. शिबिरात आम्ही गोल करून बसायचो. 'निर्माणी' मंडळी डॉ. अभय बंग यांना नायना म्हणतात आणि राणीताईंना अम्मा. त्या हाकांनी पहिल्या दिवसाचं अवघडलेपण बरंच कमी होतं.

तिथे तीन शब्द मिळाले: स्वभाव, स्वधर्म, युगधर्म. माझा पिंड काय, मी जिथे उभी आहे तिथे माझ्या वाट्याला कोणतं काम येतं, आणि आजचा काळ काय मागतोय. तोपर्यंत मी फक्त पहिल्या शब्दाभोवती फिरत होते. मला काय आवडतं, मला काय जमतं, मला कशात आनंद मिळतो. आमच्या पिढीला करिअर मार्गदर्शनात एवढंच विचारलं जायचं, आणि ते अपुरं आहे. दुसरा आणि तिसरा शब्द आला की खोलीत आणखी माणसं येतात.

ती कशी येतात, ते मला श्वासमापकाच्या गोष्टीतून कळलं. सर्चनं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्या गावांत हजारात १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्यात न्यूमोनिया हे मोठं कारण. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल तर धोका, त्याहून मोठ्या बाळाला पन्नास. पण गावात बाळाच्या सर्वांत जवळ असायची दाई, आणि बऱ्याच दायांना साठपर्यंत मोजता यायचं नाही. मग एक साधन तयार झालं. एका पाटीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठीच्या ओळीत पाच पांढरे मणी आणि पुढे लाल, मोठ्या बाळासाठीच्या ओळीत चार पांढरे आणि पुढे लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, की बाळाला न्यूमोनिया आहे.

हे ऐकलं आणि मी वहीत त्या पाटीचं चित्र काढत बसले. मी इंजिनिअर होणार होते. बंग पती-पत्नी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परत आले होते. तिथल्या शिक्षणाचं गडचिरोलीत काय झालं, तर दहापर्यंतच मोजणाऱ्या बाईच्या हातात बसेल असा मणी झाला. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी उभी केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आज देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचं मूळ इथे आहे. मला त्या दिवसापासून 'मोठं काम' म्हटलं की आकडा आठवत नाही, तो लाल मणी आठवतो.

शिबिरातल्या गटचर्चेत प्रत्येकानं आपल्याला पुढे काय करायचंय ते सांगायचं होतं. मी म्हणाले, मला समाजासाठी काहीतरी करायचंय. समोर अकोल्याचा एक मुलगा बसला होता, कृषी शाखेचा. त्यानं शांतपणे विचारलं, "काहीतरी म्हणजे काय? कोणत्या गावात? तिथे कोणाला ते हवंय?" त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, पुढच्या शिबिरात सांगते.

घरच्या चार भिंतींत असं वाक्य निघत नाही. आईला आपण सांगतो, ती विसरते किंवा माफ करते. मैत्रिणी आपल्यासारख्याच असतात. अकोल्याचा मुलगा सहा महिन्यांनी पुन्हा समोर बसणार होता आणि त्याला प्रश्न आठवणार होता.

त्या सहा महिन्यांत मी उत्तर शोधलं ते मामाच्या गावात, पाटण तालुक्यात. तिथे पावसाळ्यात दरवर्षी जुलाबाची साथ. टाकी होती, नळ होते, पाणी शुद्ध करायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीत येत होती. जलसुरक्षक म्हणून एक तात्या होते, कामात प्रामाणिक. मी ओटी या तपासणीच्या द्रावणाची बाटली घेऊन घरोघरी नळाचं पाणी तपासायला लागले. पाण्यात ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीजवळच्या घरांत फिकट पिवळा यायचा, गावाच्या खालच्या टोकाला काहीच नाही. खालच्या टोकालाच साथ जास्त. कारणं शोधायला वेळ लागला. टीसीएलची पिशवी उघडी पडून दमट होत होती, त्यामुळे तिची ताकद उडून जायची. शिवाय पावसात गढूळ पाणी आलं की नेहमीचा क्लोरीन त्यातच खर्च व्हायचा, टोकापर्यंत उरायचाच नाही. आम्ही पावडर झाकणाच्या कोरड्या पिंपात ठेवली. हजार लिटरला पाच ग्रॅम हा हिशेब तात्यांना माहीत होता, पण वजन कशानं करणार? मग टाकीच्या मापाचा एक प्लास्टिकचा डबा कापून त्यावर रेघ मारली. रेघेपर्यंत पावडर भरायची, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. पाऊस जोरात असला की नळ सोडायच्या आधी तपासणी, आणि रंग आला नाही तर मात्रा वाढवायची. रेघ मारताना मला गडचिरोलीचे मणी आठवत होते, हे सांगायला नकोच.

तात्यांनी नंतर ती रेघ स्वतः खिळ्यानं कोरून घेतली. शाई पुसली जाते म्हणाले.

पुढच्या शिबिरात मी हे सांगितलं. काही जणांनी सांगितलं की त्यांच्या हातून काही झालं नाही, आणि का झालं नाही ते सांगितलं. कोणाच्या घरी आजारपण, कोणाची परीक्षा, कोणाला जे ठरवलं त्यातला रसच उरला नव्हता. तेही तितक्याच लक्षानं ऐकलं गेलं. माझ्या मते त्या सगळ्या दिवसांतलं ते सर्वांत मोलाचं सत्र. शिबिरातल्या भारावलेपणात कोणीही काहीही बोलतो. सहा महिन्यांनंतर जे टिकून राहिलं ते तुमचं.

म्हणून मुळशी, लोणावळा, पाचगणीला 'जीवनाचं ध्येय शोधा' म्हणून दोन दिवसांची निवासी शिबिरं होतात, त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. नोकरीच्या ठिकाणाहून मला अशा एका शिबिराला पाठवलं होतं. माणसं तिथेही मनापासून बोलली, रडली. एका सहकाऱ्यानं वडिलांबद्दल जे सांगितलं ते मी विसरणार नाही. पण बाहेर कोणतं गाव नव्हतं, कोणाची गरज समोर नव्हती, आणि पुन्हा भेटायचं ठरलं नव्हतं. एवढा उघडा झालेला माणूस सोमवारी एकटाच ऑफिसला गेला. हे मला फार वाईट वाटतं. इगतपुरीच्या विपश्यनेची गोष्ट वेगळी. तिथे दहा दिवसांत जवळपास सगळा वेळ मौन असतं, आणि मनाला स्थिर बसवायला ते उत्तम आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी भरते, त्या उन्हात कुदळ मारून झाल्यावर माणसं खोटं बोलत नाहीत असं तिथे जाऊन आलेल्या मित्रांनी सांगितलंय. ज्याला जे मानवेल तिथे जावं. फक्त परत आल्यावर कोण विचारणार आहे, हे जायच्या आधी ठरवावं.

पप्पांची भीती खरी ठरली नाही. मी कराडलाच आहे, पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करते. माझ्यासोबतच्या काहींनी दुर्गम भागात आयुष्य मांडलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रयोजन मिळायला प्रत्येकानं गडचिरोलीत राहायला हवं असं नाही. माझा युगधर्म कोयनेच्या खोऱ्यात आहे, नळाच्या शेवटच्या टोकाला.

कराडमध्ये आम्ही काही जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटतो. नियम थोडे आहेत. गेल्या वेळी जे म्हणालो त्याचं काय झालं, हे आधी सांगायचं. मग पुढे काय करणार ते. इतरांनी प्रश्न विचारायचे, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देणं सगळ्यांत अवघड जातं, विशेषतः शिक्षकांना. वयाची अट नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका येतात. निवृत्तीनंतर सकाळी सहाला उठून काय करायचं, हा त्यांचा प्रश्न कुठल्याही तरुणाच्या प्रश्नाइतकाच मोठा होता. आता ते निराधार योजनेचं अनुदान घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना हयातीच्या दाखल्यासाठी सोबत घेऊन जातात, कारण कुठल्या खिडकीवर जायचं आणि कोणाशी नीट बोलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात पप्पा पहिल्यांदा आले. कोपऱ्यात बसून ऐकत होते. पाळी आल्यावर म्हणाले, ऊसतोड कामगारांची पोरं हंगामात काट्याजवळ दिवसभर मोकळी फिरताना चाळीस वर्षं बघितली, त्यांच्यासाठी सकाळचे दोन तास मी देऊ शकतो, पण कोणाला विचारायचं ते माहीत नाही. कंडक्टरकाकांनी लगेच विचारलं, "अण्णा, कोणत्या कारखान्यावर, आणि हंगाम कधीपासून?" पुढची बैठक आमच्याच घरी आहे. तोवर पप्पांनी मुकादमाला भेटून यायचं ठरलंय.