मोंबासा ते किसुमू: केनियातल्या माणसांचा नकाशा

केनिया सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, लाल शाल पांघरलेला मसाई समोर येतो. २०१९च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या भरली ४,७५,६४,२९६. त्यात मसाई जेमतेम बारा लाख, म्हणजे अडीच टक्के. किकुयू ८१ लाखांवर, लुह्या ६८ लाख, कालेंजिन ६३ लाखांवर, लुओ ५० लाख, कांबा ४६ लाख. या पाच जमातींतच देशाची दोन तृतीयांश वस्ती येते. मसाई मारा अभयारण्य पाहून परतणाऱ्याला ही माणसं भेटतात, पण गाडीचा चालक किंवा हॉटेलातला वाढपी म्हणून. त्यांचा मुलूख पाहायचा तर मोंबासाहून पश्चिमेला जमिनीवरून निघावं. मोंबासा, नैरोबी, नाकुरू, केरिचो, किसुमू हा मार्ग मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. आठवडाभर हाताशी ठेवावा.

किनाऱ्यावर भेटतात ते स्वाहिली आणि मिजिकेंडा. मिजिकेंडा ही नऊ गटांची मोट आहे: गिरियामा, डिगो, दुरुमा, चोन्यी, राबाई, रिबे, कांबे, काउमा, जिबाना. हे एकत्रित नाव रुळलं १९४०च्या दशकात. कालेंजिन हे नावही त्याच काळातलं. नांदी, किप्सिगिस, तुगेन, केइयो, माराक्वेत, पोकोट असे गट त्याखाली आले. लुह्यांमध्ये तर बुकुसू, मारागोली वगैरे दीड डझन उपगट सहज निघतील. म्हणून ‘केनियात ४२ जमाती’ हा आकडा गाइडच्या तोंडून ऐकला तरी फार मनावर घेऊ नये. तो सरकारदरबारी वाढतही गेला. मोझांबिकहून मळ्यांवर मजुरीला आलेल्या माकोंडे लोकांनी २०१६ साली किनाऱ्यावरच्या क्वालेहून नैरोबीच्या दिशेने पायी मोर्चा काढला, तेव्हा कुठे त्यांना ओळखपत्रं मिळाली आणि ते ४३वी जमात ठरले. २०१७च्या जुलैत भारतीय वंशाचे केनियन ४४वी.

मोंबासा–नैरोबी ही नवी रेल्वे २०१७ पासून धावते. तिकीट काढायला पासपोर्ट क्रमांक लागतो आणि सुट्ट्यांच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळत नाही. मोंबासाचं टर्मिनस गावाबाहेर मिरिटिनीला आहे. सामान ओळीत मांडून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, मग स्कॅनर, मग पुन्हा तपासणी; म्हणून गाडीच्या दीड तास आधी पोचलेलं बरं. वोई स्टेशन म्हणजे ताइता लोकांचा भाग, म्तितो अंदेई ते एमाली कांबांचा. कोरडी लाल माती, बाओबाब, मधेच पत्र्याचं एखादं घर. अथी नदीच्या अलीकडे मसाईंची कुरणं लागतात, आणि त्यांवर नैरोबीचे सिमेंटचे कारखाने नि नव्या वसाहती चढत आलेल्या दिसतात.

नैरोबी ४४ लाखांची आणि सगळ्यांची. दर चौरस किलोमीटरला सहा हजारांवर माणसं. उत्तरेच्या मार्साबिटमध्ये हाच आकडा सहा! किबेरा झोपडपट्टी दाखवणारे लोक अजूनही ‘इथे दहा लाख राहतात’ असं ठोकून देतात. २००९च्या जनगणनेत तिथे १,७०,०७० माणसं मोजली गेली. किबेराचे मूळ रहिवासी म्हणजे ब्रिटिशांच्या फौजेतल्या सुदानी सैनिकांचे वंशज, नुबी. उलट टोकाची गंमत उत्तरेची: २००९मध्ये ईशान्येच्या सोमाली भागातल्या पाच आणि वायव्येच्या तुर्कानातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या इतकी फुगून आली की सरकारने ते निकाल रोखून धरले. काउंट्यांना (देशाच्या ४७ प्रशासकीय विभागांना) निधी देताना लोकसंख्या धरली जाते, मतदारसंघही तिच्यावरच, त्यामुळे डोकी वाढवून दाखवायचा मोह सगळीकडेच असतो.

भारतीय वंशाचे केनियन नागरिक साधारण ४७ हजार, म्हणजे हजारात एक. नैरोबीच्या पार्कलँड्स वस्तीतून फिरताना मात्र हे खरं वाटत नाही. गुजराती आणि पंजाबी बहुसंख्य, मराठी मूठभर, पण गोव्याचा ठसा आकाराच्या मानाने फार मोठा. स्वातंत्र्यलढ्यातले पियो गामा पिंटो मूळ गोव्याचे. १९६५ साली नैरोबीत त्यांची हत्या झाली. १९६६ साली उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे, आई मसाई. मुरुंबींना जमातीच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नैरोबीहून नाकुरूला चौदा आसनी मटाटू (खासगी मिनीबस) घ्यावी. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि डिसेंबरात अख्खी नैरोबी गावी निघते तेव्हा भाडं दुप्पटही होतं. बहुतेक व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर, चालतात, म्हणून पासपोर्ट दाखवून सिमकार्ड आधीच घेऊन ठेवावं. लिमुरूपर्यंत किकुयूंचे चहाचे नि भाजीचे मळे, मग रस्ता खचदरीत उतरतो. नाकुरूचा परिसर गोऱ्यांच्या जमिनींचा होता. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या बऱ्याच जमिनी किकुयूंनी घेतल्या. कालेंजिनांच्या मते त्या मुळात त्यांच्या. २००७च्या निवडणुकीनंतर याच पट्ट्यात सगळ्यात जास्त रक्त सांडलं. देशभरात अकराशेवर माणसं मेली. २०१०च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं आणि ४७पैकी किमान २४ काउंट्यांत पाव मतं लागतात. सतरा टक्क्यांच्या किकुयूंनाही एकट्याच्या बळावर हे जमणारं नाही.

केरिचोला किप्सिगिसांकडे मुरसिक पाजतात. दुधी भोपळ्यासारख्या वाळक्या फळाचं भांडं घासूनपुसून कोरडं करायचं, ठरावीक झाडाची काडी जाळून तिचा कोळसा आतून चोळायचा, उकळून गार केलेलं दूध ओतायचं आणि झाकण लावून काही दिवस ठेवायचं. रंग निळसर राखाडी, चव आंबट नि धुरकट. भांड्यात जुना थर राहिला तर दूध नासतं. पोट नाजूक असेल तर अर्धा पेला पुरे.

किसुमूला व्हिक्टोरिया सरोवराकाठी लुओंचा मुलूख: तळलेला तिलापिया मासा, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि हातानेच खाणं. उत्तरेला विहिगाचा लुह्या भाग, शेतं इतकी बारीक की बांधच जास्त दिसतात. दर चौरस किलोमीटरला हजारावर वस्ती. कामासाठी नैरोबीला जाणाऱ्यांचे लोंढे इथूनच निघतात.

‘तुमची जमात कोणती’ असं थेट विचारू नये. नावावरून बरंच कळतं. कमाऊ, न्जोरोगे, वांजिकू किकुयू. ‘किप’ने सुरू होणारं नाव कालेंजिन मुलाचं, ‘चेप’ने मुलीचं. ओटिएनो म्हणजे रात्री जन्मलेला लुओ, अकिन्यी सकाळी जन्मलेली. पण ‘ओ’वर भरवसा ठेवू नका, ओंगेरी किसी जमातीचा निघतो. शहरात आईबाप वेगळ्या जमातींचे असले तर हा सगळाच हिशोब फसतो.

निघण्याआधी दोन कामं: ऑनलाइन प्रवासपरवाना आणि पीतज्वराची लस. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परतताना मुंबईच्या विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७मध्ये आहे. त्या महिन्यात नाकुरू–एल्डोरेट पट्ट्यातला मुक्काम मी तरी टाळेन.