तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही असतो म्हणून ते येतात का?

लिबियातून लहान बोटींत युरोपकडे निघालेल्या माणसांना भूमध्य समुद्रात वाचवणाऱ्या जहाजावर मी काम करतो. त्यामुळे गणपतीत घरी असलो की हा प्रश्न ठरलेला. आरती होते, प्रसाद वाटून होतो आणि मामा सुरू करतात. मग शेजारचे, मग पूर्वीच्या नोकरीतले, तेलाच्या टँकर जहाजावरचे जुने मित्र फोनवर. "तुम्ही जहाज घेऊन उभे राहता म्हणून ती माणसं लिबियातून समुद्रात उतरतात. तुम्ही नसतात तर आली असती का?" मी काहीतरी थातुरमातुर बोलून विषय बदलतो आणि रात्री चिडून जागा राहतो. आता एकदा नीट सांगतो.

हा प्रश्न मीही विचारायचो, तुमच्याहून मोठ्या आवाजात. इटलीच्या नौदलाची ‘मारे नोस्त्रुम’ ही बचाव मोहीम ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हा मेसमध्ये बसून मीच म्हणालो होतो की बरं झालं, आता येणं थांबेल. थांबलं नाही. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री ‘किंग जेकब’ हे मालवाहू जहाज एका बोटीच्या मदतीला गेलं. बोट त्याच्यावर आदळून उलटली. आठशेच्या आसपास माणसं गेली, २८ वाचली. बातमी वाचून आम्हाला वाईट वाटलं ते कॅप्टनबद्दल. बुडालेल्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, मीही नाही.

त्याच उन्हाळ्यात आमचा टँकर त्या भागातून चालला असताना रोमच्या सागरी बचाव केंद्रातून निरोप आला की जवळच रबरी बोट आहे, वळा. मी थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी. जीवरक्षक साधनं थर्ड मेटच्या ताब्यात असतात, हे लक्षात ठेवा. टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे डेक पाण्यापासून दहा-अकरा मीटर वर. आम्ही वाऱ्याच्या आड बोट घेतली, बाजूनं पायलट लॅडर, म्हणजे दोराची शिडी, सोडली आणि हात करून त्यांना बोलावलं. हाच आमचा बचाव. दुसरं काही आम्हाला येत नव्हतं.

शिडी दिसताच सगळे एकदम उठले आणि एकाच बाजूला आले. खालची प्लायवूडची फळी मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. बोट मधोमध दुमडली. एकजण शिडीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत चढला होता. चौकड्यांचा शर्ट. मी कठड्यावरून वाकून "पकडून ठेव, पकडून ठेव" असं चक्क मराठीत ओरडत होतो. त्यानं पकडून ठेवलं होतंच. पण त्याचे हात पेट्रोलनं बुळबुळीत झाले होते. त्या बोटींत कॅन सांडतात, पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळून तळाशी साचतं आणि त्यात बसलेल्यांची कातडी भाजते. यात बायका जास्त, कारण त्यांना मधे बसवतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पायरीवरून त्याच्या हाताचं एकेक बोट सुटताना दिसलं. तो माझ्याकडे बघत होता.

वर आलेले आम्ही मोजले. न आलेले कसे मोजणार? मुळात किती जण होते ते त्यांनाही माहीत नव्हतं.

माझ्या ताब्यातली लाइफजॅकेटं त्या वेळी कपाटात होती. शिडी सोडायच्या आधी ती खाली सोडावीत हे मला सुचलं नाही. सगळ्यांना पुरली नसती, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. त्याला एक पुरलं असतं.

म्हणून २०२२ मध्ये निम्म्याहून कमी पगारावर बचाव जहाजावर गेलो. तिथे पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच: मोठं जहाज दूर ठेवा. लहान वेगवान बोटीनं मागच्या बाजूनं जा. बसून राहा म्हणून त्यांच्या भाषेत सांगा. आधी सगळ्यांना लाइफजॅकेट, मग एकेक माणूस. इतकं सोपं, आणि आमच्या बावीस जणांच्या टँकरवर कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची नोंद तीस हजारांवर गेली आहे. बोटी येतच राहतात, मामा. त्यांच्याजवळ पहिलं कोण पोचतं, एवढंच बदलतं.

आणि आम्ही ‘उभे’ तरी कुठे असतो? जानेवारी २०२३ पासून इटलीचा नियम आहे की एक बचाव झाला की नेमून दिलेल्या बंदराकडे लगेच निघायचं. बंदर कुठलं देतात? कधी राव्हेन्ना, पार वर उत्तरेला. जायला चार दिवस, यायला चार. तेवढे दिवस मागची जागा रिकामी.

तरी तुमचा प्रश्न मी टाकून दिलेला नाही. बांगलादेशी पोरांशी माझं हिंदीतून जमतं, म्हणून त्यांनाच विचारलं. मदारीपूरचा एक विशीतला मुलगा म्हणाला, "कसलं जहाज? आम्हाला वाटलं लिबियावाले परत न्यायला आले. मी उडीच मारणार होतो." तिथल्या कोंडवाड्यात काय होतं ते त्यानं पाठ दाखवून सांगितलं. हे उत्तर मला सोयीचं होतं, मी ते सगळीकडे सांगत फिरलो.

दुसरा माणूस चाळिशीचा होता. त्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तो म्हणाला, हो, ऐकलं होतं, जहाज असतं म्हणून. मी विचारलं, "म्हणजे त्या भरवशावर चढलात?" त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "ऐकलं होतं की कभी कभी मिलता है."

हे तुमच्या बाजूचं उत्तर की माझ्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डिसेंबरात पुन्हा जातोय.