नवा कर्नल आला आणि वायफाय गेले

जानेवारी २०२४ मध्ये उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर नेहमीच्या अपडेटमधून ६.२ च्या जागी ६.५ हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, येऊ लागला. त्याच सुमारास मी ज्या महाविद्यालयाचे संगणक सांभाळतो, तिथल्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "सर, काल अपडेट झालं आणि आज वायफायचं चिन्हच दिसत नाही." चिन्हच नाही, हे त्यांनी नेमके टिपले होते, आणि त्यामुळे माझे काम सोपे झाले. राउटर बिघडला किंवा पासवर्ड चुकला, तर चिन्ह दिसते, फक्त जोडणी होत नाही.

तपासल्यावर ब्रॉडकॉमची वायफाय चिप उपकरणांच्या यादीत दिसली, मात्र कोणता ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) वापरात आहे हे सांगणारी ओळ तिच्याखाली नव्हती. संगणक पुन्हा सुरू करून ग्रब या, सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून जुना ६.२ कर्नल निवडला, आणि वायफाय लगेच आले. म्हणजे चिप शाबूत होती. सगळी प्रणाली पुसून नव्याने टाकावी, असे ग्रंथालयातल्या एकाने सुचवले. पण तसे केले असते तरी पुढच्या अपडेटबरोबर हाच कर्नल आणि हीच अडचण परत आली असती.

या चिपचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो. त्याची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ ची आहे, आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस हे साधन ती त्या-त्या संगणकावरच नव्याने कंपाइल करते, म्हणजे मूळ कोडपासून बांधते. डीकेएमएसच्या स्थितीत ६.२ ची नोंद होती, ६.५ ची नव्हती. अशा वेळी बरेच जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. मला आधी लॉग, म्हणजे बांधणीची नोंद, वाचणे महत्त्वाचे वाटते. तिथे कारण स्पष्ट लिहिलेले होते: कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने (कोडपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाने) बांधलेला होता, संगणकावरचा कंपायलर मात्र जीसीसी ११ होता, आणि स्थानिक चलांमध्ये सुरुवातीलाच शून्य भरणारा जो सुरक्षेचा पर्याय नव्या कर्नलला हवा होता, तो या जुन्या कंपायलरला ओळखताच येत नव्हता. पहिल्याच फाइलला कंपाइल थांबले होते.

६.२ वर वायफाय चालू असल्यामुळे तिथूनच जीसीसी १२ उतरवून घेतला, तोच मुख्य कंपायलर म्हणून ठरवला आणि डीकेएमएसला ६.५ साठी ड्रायव्हर बांधायला लावले. या वेळी कंपाइल शेवटपर्यंत गेले. ६.२ वरच राहूनही ग्रंथालयाचे काम भागले असते, पण त्या कर्नलला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, आणि विद्यार्थ्यांची माहिती असलेला संगणक तसा ठेवणे मला पटत नव्हते.

६.५ वर वायफाय चालू झाल्यावर, संगणक सुरू होताना एस्केप दाबून ग्रबमधून जुना कर्नल कसा निवडायचा, हे मॅडमना त्यांच्याच हाताने करायला लावले. ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे तोवर अशी वेळ पुन्हा येऊ शकते, आणि दरवेळी मी जवळ असेनच असे नाही.