काळी चार आणि डावा कान

मंगळवार, रात्री

सकाळीच डाव्या कानात दडा बसला आणि आतली घरघर वाढली. आज काही खरं नाही हे तेव्हाच कळलं, म्हणून बँकेत कळवून टाकलं. अकराच्या सुमारास चक्कर सुरू झाली. बेसिनला धरून उभी होते. नळावर नजर रोवली की नळ सावकाश एका बाजूला सरकत जातो, झटक्यात जागेवर येतो, पुन्हा सरकायला लागतो. नळ नव्हे, डोळेच तसे हलत असतात. डॉक्टरांनी हे नीट समजावलंय, पण त्या वेळी त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग होत नाही. ओकाऱ्या झाल्या. भिंतीला हात लावत, शेवटी चक्क रांगत पलंग गाठला. अशा वेळेसाठी दिलेली गोळी घेतली आणि उजव्या कुशीवर पडून राहिले. दोन वाजून गेल्यावर घर एकदाचं थांबलं.

संध्याकाळी गवार मोडत बसले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "आता बरी दिसतेस की!" दिसतेच. मेनियरचं, म्हणजे माझ्या या कानाच्या आजाराचं, असंच असतं. दोन झटक्यांच्या मधे माणूस धडधाकट दिसतो, आणि ज्यांनी झटका पाहिलेला नाही त्यांना सगळं थोडं नाटकच वाटतं. सोसायटीत आतापर्यंत निघालेली निदानं: पित्त, मानेचा मणका, रक्त कमी, मोबाइल, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मते पाळी जायच्या वयात हे व्हायचंच.

प्रॉस्पर मेनियर हा पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला डॉक्टर. असे झटके मेंदूत रक्त चढल्याने येतात असं त्या काळी धरून चालत. ते कानाच्या आतून येतात, हे त्याने १८६१ साली सांगितलं. बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आतल्या कानातल्या नाजूक नळ्यांत द्रव साठतो आणि त्या फुगतात, इथवर पुढे कळलं. तो का साठतो, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. सोसायटीच्या काकूंना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्या निदान काहीतरी कारण सांगतात.

द्रव म्हटला की मीठ आलंच. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, खारवलेली मिरची, सगळं बंद. एक कान बिघडला म्हणून ताटाची अख्खी डावी बाजू गेली. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांनाच दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यातला बराचसा पाव-बिस्किटं-फरसाणातून न कळत पोटात जातो. सासूबाईंनी कौतुकाने सैंधव आणून दिलं. त्यांना कसं सांगू, आई, तेही सोडियम क्लोराइडच? माझ्या वाटणीची आमटी मीठ घालायच्या आधी वेगळी काढतात, तेवढं पुष्कळ आहे.

शुक्रवार

दवाखाना. त्या काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला भराभर दाबलं. डाव्याला नुसती वाट पाहत बसले. एखादा आवाज आला की आपल्या आतलाच, हे समजेना. आलेख हातात आला तेव्हा २५० आणि ५०० हर्ट्झला रेघ आणखी खाली उतरलेली.

खालचे सूर आधी जातात या आजारात. आमचं भजनी मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत गातं, तिचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे नेमका जिथे माझा हात आणि गळा राहतो तिथेच खड्डा.

डॉक्टर मोकळेपणाने बोलतात, म्हणून मला आवडतात. चक्कर कमी व्हावी म्हणून बीटाहिस्टीन चालू आहे, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या गोळीचा फायदा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. "तुम्हाला वाटतंय बरं, तर चालू ठेवू. त्रास तर काही होत नाही." मीठ कमी करण्याचंही तसंच म्हणाले. आमच्या घराण्यात डॉक्टर एवढं खरं बोलला तर लोक डॉक्टर बदलतात. मला उलट हायसं वाटलं.

एमआरआय मागेच झालाय. एकाच कानाचं ऐकू येणं कमी झालं की नसेवरची गाठ नाही ना, एवढं बघून घेतात. नाहीये.

आता प्रश्न इंजेक्शनचा. पडद्यातून थेट मधल्या कानात. दोन प्रकार. एक स्टेरॉइड. दुसरं जेंटामायसिन, जे त्या कानातला तोल सांभाळणाऱ्या पेशीच मारतं. चक्कर बहुतेकांची आटोक्यात येते, पण उरलंसुरलं ऐकू येणंही जायची भीती. नवरा म्हणाला, "चक्कर थांबत असेल तर काय ते एकदाचं करून टाक." त्याने मला रांगताना पाहिलंय, त्याचं चुकत नाही. पण मी स्टेरॉइडच म्हणाले. डॉक्टरही म्हणाले, आधी हेच करू.

गोखले रोडवर रिक्षा कुठून येतेय ते आवाजावरून उमगत नाही आता. हॉर्न वाजला की सगळा उजवीकडूनच वाजतो. मान दोन्हीकडे वळवून रस्ता ओलांडते, पहिलीतल्या मुलीसारखी.

(मंडळातल्या एका ताईंनी दिव्यांग दाखल्याचं सुचवलं होतं, लोकलच्या डब्यासाठी. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण कमी ऐकू येण्याच्या व्याख्येत दोन्ही कानांनी ६० डेसिबल गेलेले असावे लागतात. माझा एक शाबूत. चक्कर तर यादीतच नाही. विषय संपला.)

रविवार

घंटाळीजवळ मंडळाची तालीम. आषाढी आठवड्यावर आली. दोन रविवार दांडी मारून आज गेले, कारण जाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

पेटी उघडली, भाता मारला, काळी चार दाबली. उजव्या कानाला जशी हवी तशी. डाव्या कानाला तीच पट्टी किंचित चढी, पांढरी सहाकडे कललेली. एकाच बोटाखाली दोन सूर, आणि दोन्ही मिळून एक भिकार कंप. पेटी बिघडली असेल म्हणून शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांनी दोनदा ऐकून सांगितलं, पेटी लागलेली आहे. चक्कर येते तेव्हा मला मरणाची भीती वाटते, पण रडू येत नाही. आज आलं. सुरात असणं ही एकच गोष्ट मी कधी कष्टाने कमावली नव्हती, ती उपजत होती.

मग टाळ सुरू झाले. जो कान धड ऐकत नाही, त्यालाच मोठा आवाज सुरीसारखा लागतो, हे कोणाला पटवायचं कसं? मी हात वर केला. मोठ्या काकूंनी "काय होतंय?" एवढंच विचारलं आणि मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. पित्त नाही, मणका नाही, काही नाही. "मग टाळवाल्या तिकडे बसतील. तू भिंतीकडे डावा कान करून बैस." पाच मिनिटांत अख्ख्या मंडळाची बैठक फिरली. एक म्हणाली, आमच्या बाबांना एकाच कानाने ऐकू यायचं, ते बोळा घालून बसायचे. तसाच कापसाचा बोळा डाव्या कानात कोंबला. कंप पुष्कळ कमी झाला, सूर एक झाला. अर्धाच, पण खरा. दोन अभंग पूर्ण वाजवले. तिसऱ्याला थकले, पेटी वहिनींकडे सरकवली.

तोलाचे व्यायाम रोज चाललेत. हात लांब करून व्हिजिटिंग कार्ड धरायचं, मान डावी-उजवी हलवायची आणि अक्षरं फुटू द्यायची नाहीत. उशीवर डोळे मिटून उभं राहायचं, शेजारी खुर्ची. फिजिओथेरपिस्ट म्हणते, याने झटका अडणार नाही, झटक्यानंतरची लडखड कमी होईल. कचराळी तलावाला पहाटे फेऱ्या मारते तेव्हा फरक जाणवतो. अंधारात मात्र अजून पाऊल चाचपडतं. डोळे आणि पायच सगळं सांभाळत असतात, त्यातला एक गेला की उघडं पडतं.

बुधवारी इंजेक्शन. सोबत वहिनी येणार आहेत, नवऱ्याला सुट्टी नाही. नंतर अर्धा तास कान वर करून पडून राहायचं आणि गिळायचं नाही, बोलायचंही नाही. वहिनींनी आत्ताच सांगून ठेवलंय की त्या वेळात त्या बोलून घेणार.

डॉक्टरांना विचारायचं: एकादशीला पेटीवर बसू का, टाळांपासून किती लांब? कापसाऐवजी नीट इअरप्लग कुठला घ्यावा? आणि उपासाची भगर बिनमिठाची केली तर शेंगदाण्याची आमटी चालेल ना.