चहाविना मेसिए मॅरेथॉन: यंदाच्या हंगामाची नोंद

मेसिए मॅरेथॉन म्हणजे मेसिएच्या यादीतल्या सगळ्या तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका (एम १ ते एम ११०) दुर्बिणीतून एकाच रात्रीत पाहायच्या. फाल्गुन अमावास्येच्या मॅरेथॉनला यंदा चहाचा थर्मास घरीच ठेवला. माळशेजच्या अलीकडच्या पठारावर संध्याकाळी एम ७७ पासून सुरुवात केली आणि उजाडेपर्यंत कॅफीन घेतलं नाही. एम ३० संधिप्रकाशात गेला, पण धनु राशीतले सगळे तारकागुच्छ आणि तेजोमेघ नीट पाहून झाले. पहाटे चारनंतर पाहिलेल्या एम २२ चं रेखाटन रात्री नऊच्या रेखाटनांइतकंच स्वच्छ उतरलंय, आणि मला त्याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

चहाशी माझं वैर नाही, सकाळचा कप अजूनही चालू आहे. प्रश्न रात्रीच्या चहाचा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ वाढते. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, पण साठा तसाच राहतो. असर उतरला की सगळी झोप एकदम अंगावर येते. शिवाय निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दोनचा चहा सकाळी सातला, आपण आडवे होतो तेव्हाही, अर्धा शिल्लक असतो. आणि पहाटे तीन ते पाचमध्ये शरीराचं तापमान सर्वात खाली जातं. धनु, मकर, कुंभ नेमक्या त्याच वेळेला पाहायच्या असतात.

आपल्या छंदाची एक खास अडचण आहे. झोप उडवायला बाकी जग दिवे लावतं, आपल्याला ते चालत नाही. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. लाल टॉर्चच्या मंद उजेडात अंगाला तरतरी येत नाही. म्हणून जागरणाची तयारी दुर्बीण लावण्याआधीच व्हावी लागते, असं माझं मत यंदा पक्कं झालं.

त्या दिवशी दुपारी दीड तास झोपलो, खोली पूर्ण अंधारी करून. एवढ्या वेळात झोपेचं साधारण एक चक्र पुरं होतं. त्याआधीच्या आठवड्यात दुपारचा आणि संध्याकाळचा चहा हळूहळू बंद केला होता. एकदम बंद केला तर डोकं दुखतं, आणि दुखऱ्या डोक्याने एम ७४ सारखी अंधूक दीर्घिका शोधणं नको.

खरा फायदा मधल्या डुलकीने झाला. कन्या आणि अरुंधती केशातल्या दीर्घिका म्हणजे मॅरेथॉनचं सर्वात किचकट काम. एम ८४-८६ च्या जोडीपासून एकेक पायरी मोजत जावं लागतं. तिथे मेंदू इतका गुंतलेला असतो की झोपेला वावच नसतो. त्या उरकून शौरीतला एम १३ पाहिला की घाई संपते. ज्येष्ठेजवळचा एम ४ वर आलेला असतो, पण तो पहाटेपर्यंत कुठे जात नाही. धनु रास कामापुरती वर यायला दोन-अडीच वाजतात. ही मधली मोकळी वेळ आपण इतकी वर्षं गप्पा आणि चहात घालवत आलो. यंदा आम्ही दोघं आळीपाळीने वीस मिनिटं सतरंजीवर पडलो. मिटलेल्या डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही, फक्त गजर लावलेला मोबाइल उलटा ठेवायचा. वीस मिनिटांहून फार लांबवू नये, कारण गाढ झोपेतून उठवलं तर बराच वेळ डोकं जड राहतं. उठल्यावर लगेच अवघड काही धरलं नाही. आधी स्वरमंडळातला एम ५७, मग थोडं चालणं.

जेवण सातच्या आत केलं, भाकरी आणि पिठलं, नेहमीपेक्षा कमी. नंतर दर दोन तासांनी मूठभर चणे-शेंगदाणे किंवा दोन खजूर. ज्यांच्या शेतात आम्ही दुर्बीण लावतो त्या मावशी मध्यरात्री चहा पाठवतात. त्यांना आधीच सांगितलं, "मावशी, यंदा पत्ती नको." त्यांनी गवती चहा, आलं आणि गूळ उकळून दिला. नावात चहा असला तरी गवती चहात कॅफीन नसतं, आणि गार वाऱ्यात हातात गरम पेला हवा, ही गरज त्याने पुरी भागली. ग्रीन टी, कोला आणि चॉकलेट मात्र बिनकॅफीनचे समजू नका.

गो-टू माउंट (दुर्बीण आपोआप हव्या त्या वस्तूकडे वळवणारी बैठक) असूनही ती बंद ठेवली, याची शिफारस मनापासून करतो. नकाशा पाहून ताऱ्यावरून ताऱ्यावर सरकत गेलं की लक्ष टिकतं. निरीक्षण बसून केलं, कारण स्थिर बसल्यावर अंधूक वस्तू जास्त दिसतात, पण प्रत्येक वस्तूनंतर उभं राहून नोंद मोठ्याने वाचली.

तरीही पहाटे सव्वाचारच्या सुमारास जडपणा आला, तो टळत नाही. त्या वेळेसाठी एम ८, एम १७, एम २२ असे ठळक मानकरी मुद्दाम राखून ठेवले होते. एम ७२ आणि एम ७३ त्यानंतर घेतले.

गाडी चालवायच्या आधी उजेडात पाऊण तास झोपलो आणि उठल्यावर तोंड धुऊन, थोडं फिरून मगच निघालो. हे कोणीही टाळू नये. रात्रभर जागून घाट उतरणं चहा पिऊनही सुरक्षित होत नाही.

आता बेत डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावाचा. १३-१४ तारखेची रात्र, आणि पाहायचं पाठ टेकून, पांघरूण घेऊन, म्हणजे झोपेला आमंत्रणच. दर पंधरा मिनिटांची मोजणी आळीपाळीने मोठ्याने सांगायची आणि एकाने कायम खुर्चीत बसायचं, इतकं ठरलंय. कोणी उल्का मोजताना चहाशिवाय रात्र काढली असेल तर तुमची पद्धत कळवा.