टेनवरून नाइनवर

गिटारवाल्यांमधे तारांच्या जाडीवरून एक छुपी शर्यत चालू असते, बाहेरच्यांना तिचा पत्ताच नसतो. काय लावतोस विचारलं आणि समोरचा इलेव्हन म्हणाला की चार माना डोलतात, आणि कोणी नाइन म्हणालं की एक "अच्छाऽऽ" येतो, तो इतका लांबतो की आपलं आपण समजून जायचं. मी कैक वर्षं टेनवाली, म्हणजे मधली, अब्रूदार. आता नाइनवर आलेय आणि मजेत आहे.

ज्यांना हे सगळं ग्रीक-लॅटिन वाटतंय त्यांच्यासाठी, हे आकडे म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. टेन म्हणजे ०.०१० इंच, नाइन म्हणजे ०.००९. मिलिमीटरमधे फरक ०.०२५ चा, डोक्यावरचा एक केस साधारण याच्या दुप्पट तरी जाड निघेल. एवढ्याशा फरकावर लोक तासन्तास भांडतात, आणि गंमत म्हणजे भांडण्यात तथ्य आहे, कारण त्याच सुराला लावलेल्या तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दहाचा वर्ग शंभर, नऊचा एक्क्याऐंशी, झाला की १९ टक्के ताण कमी. साडेपंचवीस इंची स्केलच्या, म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब असलेल्या गिटारवर टेनची पहिली तार सव्वासात किलोच्या आसपास ओढलेली असते, नाइनची सहाच्या आत. सहाही तारा धरल्या तर ४६-४७ किलोवरून ३८-३९ वर येतो आपण. गिटारच्या मानेवरून आठ किलो उतरले म्हणजे काय चेष्टा आहे का.

बदल सुचवला तो आमच्या गिटारचा सेटअप करून देणाऱ्या पोराने. मी त्याच्यासमोर एक बेंड वाजवला, म्हणजे दाबलेली तार बाजूला ओढून सूर चढवला, तिसऱ्या तारेवर, अख्खा एक स्वर, माझ्या मते झकास. तो म्हणाला, "ताई, सूर बरोबर लागतोय पण तुम्ही खांद्याने ओढताय." बघितलं तर खरंच, डावा खांदा कानाला भिडला होता आणि दात आवळलेले. दिवसभर कीबोर्ड बडवून झालेला हात रात्री हेडफोन लावून गिटारला जुंपायचा, आणि वय काही वीस नाही. "नाइन लावा की." हे सांगणारा स्वतः इलेव्हन लावतो, बदमाश.

जाड तारांचं एवढं कौतुक यायला एक माणूस बराच जबाबदार आहे, टेक्ससचा ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन. पहिली तार थर्टीन! गिटार अर्धा सूर खाली उतरवून लावायचा हे लोक सांगायचं विसरतात, पण तेवढी सूट देऊनही त्याच्या पहिल्या तारेवर आपल्या टेनच्या दीडपट ताण येतो. बोटांची कातडी निघाली की सुपरग्लूने चिकटवून पुढे वाजवायचा. हे ऐकून वाढलेल्या पिढीला वाटलं की आवाज हवा तर रक्त सांडायलाच हवं. अरे पण त्याचे पंजे बघा की, आपले बघा.

उलट बाजूचा माणूस मला जास्त आवडतो. टोनी आयोमी, बर्मिंगहॅमचा. १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, मशीनमधे उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, आणि ती घालून जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या. पुढे ब्लॅक सॅबथमधे त्याने जो आवाज काढला त्यातून अख्खं हेवी मेटल निघालं. म्हणजे जगातला सगळ्यात वजनदार आवाज बारीक तारांतून आलाय, आणि आपण सोसायटीच्या गॅदरिंगला दोन गाणी वाजवणारे लोक टोनसाठी इलेव्हन लावून बसतो.

बँजोच्या तारा वापरणारा तो एकटाच नव्हे, अमेरिकेतही हा जुगाड चालायचा. बँजोची तार पहिली म्हणून लावायची आणि बाकीच्या सेटमधल्या एकेक घर खाली सरकवायच्या, कारण दुकानात मिळणाऱ्या सेटमधली तिसरी तार गुंडाळीची, म्हणजे तारेवर तार गुंडाळलेली, चांगली जाडजूड, ती वाकवायची म्हणजे बोटाचे हाल. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल नावाच्या दुकानदाराने शिकाऊ पोरांची ही रड रोज बघितली, फेंडर या गिटार कंपनीला म्हणाला जरा बारीक सेट काढा, ते नाही म्हणाले, मग १९६२ च्या सुमारास त्याने स्वतःच स्लिंकी नावाने बारीक तारा विकायला काढल्या. आज कुठल्याही म्युझिकच्या दुकानात भिंतीवर ती भडक रंगांची पाकिटं लटकलेली दिसतात, त्यांची कुळकथा ही.

पण तारा बदलल्या आणि वाजवायला बसलो असं होत नाही हं. माझी गिटार तरंगत्या ब्रिजची, म्हणजे तारा ज्यात अडकतात तो भाग हलता, पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा, दोघांची ओढ सारखी असली की ब्रिज सरळ राहतो. तारा हलक्या झाल्या की स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज मागे बसतो. मग पाठीमागचं झाकण काढून दोन स्क्रू थोडे थोडे सैल करायचे, परत ट्यून करायचं, परत बघायचं, परत सैल. तिकडे मानेतला ट्रस रॉडही, म्हणजे तारांच्या ओढीविरुद्ध मान सावरणारी दांडी, जोर करतो, मान सरळ होते आणि पहिल्या चार फ्रेट्सवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, तार घासून बझ सुरू. पाव फेरी सैल केली आणि रात्रभर ठेवून दिली तेव्हा गप्प झाली.

त्यानंतर खरी मजा आली, सगळंच चढं लागायला लागलं. साधा कॉर्ड धरला तरी बेसूर. ट्यूनर तर म्हणतोय मोकळ्या तारा बरोबर आहेत. झालं असं होतं की हात जुन्या सवयीने टेनएवढा दाबत होता आणि नाइन तेवढ्याने फ्रेटमागे दबून वर चढत होती. बेंडचंही तेच. तार जाड असो की बारीक, तेवढाच सूर चढवायला बोट सरकवावं लागतं जवळपास तेवढंच, फक्त जोर कमी लागतो, आणि माझा हात जोर जुनाच लावणार, मग सूर गाठून पुढे निघून जायचा, स्टॉपवर न थांबलेल्या एसटीसारखा.

माझी मावशी सतार वाजवते, मिरजेची सतार आहे तिची. बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटर, गिटारच्या हिशोबात बारा, आणि त्यावर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड ओढते, ती पण चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. तिने माझी गिटार मांडीवर घेतली, दोन-तीनदा तार ओढून बघितली, मग माझा हात बघितला आणि म्हणाली, "इतकं दाबतेस कशाला गं?" झेडझेड टॉप या अमेरिकन बँडचा गिटारवाला बिली गिबन्स एक किस्सा सांगतो, ब्लूजचा उस्ताद बी. बी. किंगने त्याची जाड तारांची गिटार वाजवून बघितली आणि विचारलं, एवढे कष्ट कशाला करतोस? त्यानंतर गिबन्स बारीक तारांवर गेला तो पार एट, सेव्हनपर्यंत. बी. बी. किंग आणि मावशीचं एकमत झाल्यावर मी काय बोलणार.

आता हात बऱ्यापैकी हलका पडतोय, खांदा जागेवर आहे, व्हायब्रेटो, म्हणजे सूर हलवणं, तर आधी होता तो व्हायब्रेटो नव्हताच असं वाटतंय. आवाज थोडा पातळ झाला का, तर हो, किंचित, अ‍ॅम्पवर बेसचा खटका अर्धा पुढे सरकवला की माझ्या कानाला तरी पुरतं. तक्रार एकच, सहावी तार. बेचाळीसची ती जोरात स्ट्रमिंग केलं की लडबडते, पाम म्यूटला, म्हणजे तळहात टेकवून वाजवलं, तर अगदीच मेंगळट. त्यावर उपाय आहे म्हणा, बारीक तीन नाइनच्या आणि जाड तीन टेनच्या सेटमधल्या असा ९-४६ चा सेट मिळतो, पुढच्या वेळी तोच आणणारे. म्हणजे परत ते मागचं झाकण, परत स्प्रिंगा, परत ट्रस रॉड, एक रविवार गेला म्हणून समजा.